वृक्षाची समता आणि आपले ऋण

ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय आकाराने लहान, पण वारकऱ्यांच्या फार जिव्हाळ्याचा. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, माउलींनी गीतेवर ही टीका केली. त्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना, शत्रू आणि मित्र ज्याला सारखेच अशा पुरुषाचे वर्णन येते. तेथे माउलींनी झाडाचा दृष्टांत योजला आहे. ज्याने रोप लावले त्याला, आणि जो कुऱ्हाड घेऊन आला त्यालाही, झाडाची सावली सारखीच मिळते, असा त्याचा भाव. पारायणात ही ओवी आली की म्हातारीकोतारी माणसे मान डोलावतात; कीर्तनात बुवांनी ती घेतली की टाळकरीही क्षणभर हात थांबवून ऐकतात.

दृष्टांत इतका गोड आहे की त्या गोडीत एक प्रश्न विरघळून जातो. तो प्रश्न असा : झाड तोडणाऱ्यावर रागावत नाही, हे खरे, मग तोडणाऱ्याकडे काही देणे उरते की नाही? ज्याचे नुकसान झाले त्यानेच क्षमा केली, तर अपराध फिटला का? वरवर पाहता हा पारावर बसून करायचा वाद वाटेल. पण आमच्या बीड जिल्ह्यात तो नुसता वाद राहिलेला नाही. तो बांधावरचा, रस्त्याकडेचा आणि पंढरीच्या वाटेवरचा प्रश्न आहे. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

विचार करायचा तर डोळ्यांपुढे एखादी जागा असावी. बीड शहराजवळ पालवणचा डोंगर आहे. बालाघाटाच्या इतर डोंगरांसारखाच तोही खडकाचा, मुरमाचा आणि कुसळी गवताचा. तेथे वनखात्याच्या जमिनीवर सह्याद्री देवराई उभी राहिली. अभिनेते सयाजी शिंदे यांनी वनखात्याला व गावोगावच्या झाडवेड्या मंडळींना सोबत घेऊन ती वाढवली. १३ व १४ फेब्रुवारी २०२० रोजी याच डोंगरावर वृक्षसंमेलन भरले. साहित्य संमेलनाला अध्यक्ष असतो तसा याही संमेलनाला अध्यक्ष होता, आणि तो मान दिला होता वडाच्या झाडाला. ही बातमी वाचून कोणी हसलेही असेल. पण ज्या पंथात तुकोबारायांनी झाडांना नातलगांत बसवले, त्या पंथाच्या माणसाला यात हसण्यासारखे काही वाटू नये. घरच्या कार्यात वडीलधाऱ्याला पाटावर बसवतात, तसेच हे.

देवराई हा शब्द जुना. देवाच्या नावाने राखलेले रान ते देवराई. त्या रानातली काटकीसुद्धा घरी नेऊ नये, नेली तर देव कोपतो, अशी समजूत असे आणि त्या धाकाने शेकडो वर्षे रान टिकले. पालवणची देवराई तशी नाही. ती कोणा देवाच्या धाकाने राहिलेली नसून माणसांनी हाताने लावलेली आहे. खड्डा खणून, रोप लावून, पाणी घालून उभे केलेले हे रान सर्वांना पाहायला खुले आहे. लावणारा कोण, राखणारा कोण आणि मोडणारा कोण, हे तिन्ही तेथे उघड दिसते. आपल्या प्रश्नाला याहून चांगली शाळा मिळायची नाही.

आता या भूमीची प्रकृतीही ध्यानात घ्यावी. सह्याद्री ढग अडवतो आणि आमच्या वाट्याला त्याची पाठ येते. वर्षाचा पाऊस साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर, आणि तोही वेळेवर येईल याचा भरवसा नाही. १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे. २०१२-१३ आणि २०१५-१६ ची कोरडी वर्षे तर पोरासोरांनीही पाहिली. रान मुळात थोडे. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी राखलेले सुमारे ३० चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे, ते १९९४ सालचे. अशा मुलखात एक झाड म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगून कळणार नाही. वैशाखात शिरूर कासारहून पाटोद्याकडे पायी जाणाऱ्याला मात्र न सांगता कळते.

पण कोरडी भूमी म्हणजे मेलेली भूमी नव्हे. बालाघाटाच्या अंगाखांद्यावर बारा महिने काही ना काही चाललेले असते. फाल्गुनात पळस आणि पांगारा पाने टाकून नुसत्या फुलांनी पेटतात. मैना, बुलबुल, कोतवाल त्या फुलांतला रस पिण्यासाठी पहाटेपासून गर्दी करतात. चैत्रात लिंबाला कोवळी पालवी आणि बारीक पांढरा मोहर येतो, आणि पाडव्याला तोच आपण तोंडात घालतो. वैशाखात बहाव्याचे पिवळे झुंबर लोंबतात. ज्येष्ठात पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून हाका घालू लागतो, आणि पावसाळी वाऱ्याबरोबर दूर आफ्रिकेकडून चातक येतो. त्याच सुमारास दिंड्याही निघतात. पैठणहून नाथांची पालखी या जिल्ह्याच्या डोंगरवाटांनी जाते, मुक्ताईची पालखी बीड शहरातून जाते. श्रावणात विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे झुलतात. आश्विन-कार्तिकात सीताफळांचे डोळे उघडतात. बीडच्या या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पौष-माघात बोरी लगडतात. पंचांग भिंतीवर नसले तरी रानाकडे पाहून महिना सांगता येतो.

या सगळ्यात कोठे हिशेब दिसतो का? पळस मैनेला रसाचे मोल मागत नाही. बोर खाणाऱ्या पोराला बोरीने नाव विचारले असे कोणी ऐकले नाही. येथपर्यंत माउलींचा दृष्टांत डोळ्यांनी पाहता येतो. आणि येथेच आपला पूर्वपक्ष उभा राहतो.

पूर्वपक्षी म्हणतो : “काय माउली, झाड काही बोलतं का? तोडलं तरी सावली देतं, राखलं तरी सावली देतं. त्याला काही नाही, मग तुम्हालाच का एवढं लागतं? संतांनीच सांगितलं की झाडाला वैर नाही. जिथं वैर नाही तिथं पाप कुठलं?”

बोलणे चतुर आहे, पण नीट पाहिले तर त्यात एक गाठ चुकली आहे. घेणेकऱ्याने मागितले नाही म्हणून देणे संपत नसते. आईने लेकराच्या खाण्याचा हिशेब कधी मांडला नाही. म्हणून मोठेपणी त्या लेकराने ‘हिचे माझ्याकडे काही नाही’ असे म्हटले, तर गाव त्याला काय म्हणेल? आई हिशेब ठेवत नाही ही आईची थोरवी. लेकानेही ठेवू नये असा त्याचा अर्थ होत नाही. उलट, सावकाराचे देणे तगाद्याने तरी लक्षात राहते. जो तगादा लावत नाही त्याचे देणे आपणच स्मरणात ठेवावे लागते. सावकारीत बुडालेला माणूस कर्ज विसरत नाही आणि प्रेमात वाढलेला विसरतो, ही माणसाची रीत आहे, आणि झाडाच्या बाबतीत आपण ह्या रीतीचे धडे रोज गिरवतो.

दुसरी गोष्ट, दृष्टांत नेहमी एकदेशी असतो, हे आपल्या परंपरेतल्या अभ्यासकांना सांगायला नको. मुखाला चंद्राची उपमा दिली म्हणजे मुखावर डाग शोधायचा नसतो. माउलींनी वृक्षाकडून घेतली ती समता. वृक्षाचे सगळे वर्तन भक्ताने करावे असे त्यांनी सांगितले नाही. पालवणच्या संमेलनाचा अध्यक्ष वडच घ्या. वडाचे फळ पाखरू खाते, त्याची विष्ठा दुसऱ्या एखाद्या झाडाच्या बेचक्यात पडते, तेथे वड रुजतो, पारंब्या खाली सोडतो, आणि पुष्कळदा ज्याने खांदा दिला त्याच झाडाला विळखा घालून संपवतो. चातकाचेही तसेच. एकनिष्ठेसाठी कवींनी आणि संतांनी ज्याचे नाव घेतले, तो चातक स्वतःची अंडी सातभाईच्या घरट्यात टाकून मोकळा होतो आणि पिल्ले सातभाई वाढवतात. यात वडाचा दोष नाही, चातकाचाही नाही. त्यांना धर्माधर्म नाही. पण आपण वडाची सावली घ्यावी आणि विळखा सोडावा, चातकाची तहान घ्यावी आणि अंड्यांची गोष्ट सोडावी. निसर्गात जे घडते ते सगळे आपल्याला मोकळीक देते असे मानले, तर नीती उरतच नाही. म्हणून झाड सगळे सोसते, एवढ्यावरून सगळे खपते असा सिद्धांत निघत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती या रानात फिरल्यावाचून कळत नाही. क्षमा करायची झाली तर ज्याचे नुकसान झाले त्यानेच करायची. शेजाऱ्याचे बैल चोरले आणि माझी क्षमा घेतली, तर त्याला काय अर्थ? आता झाड तुटले तेव्हा नुकसान एकट्या झाडाचे झाले का? जुन्या लिंबाच्या ढोलीत पिंगळा राहतो, राघू पिल्ले घालतात. उंबर-पिंपळाला फळे येतात ती पुष्कळदा रानात दुसरे खायला नसते अशा दिवसांत, आणि त्यावर कितीतरी पाखरांचा प्रपंच चालतो. वाटसरू त्या बुंध्याशी भाकरी सोडतो, गुरे उन्हातली रवंथ करतात. झाडाने आपल्यापुरती क्षमा केली असे समजू. पण पिंगळ्याच्या वतीने कोणी केली? पुढच्या वर्षी त्या मुक्कामाला सावली शोधणाऱ्या सत्तर वर्षांच्या वारकरी बाईच्या वतीने कोणी केली?

वणव्यात हे फार स्पष्ट दिसते. फाल्गुन-चैत्रात बालाघाटावरचे गवत वाळून कोळ होते. कोणी विडीचे थोटूक टाकतो, कोणी पुढे चांगले गवत उगवेल या समजुतीने काडी लावतो. पालवणच्या देवराईलाही वणव्याची झळ लागली आहे. मोठे झाड अर्धे भाजूनही पुन्हा फुटते आणि लावणाऱ्या-जाळणाऱ्याला सारखीच सावली देते. पण तितर, लावा, टिटवी यांची अंडी जमिनीवर असतात. ती काही पुन्हा फुटत नाहीत. दोन वर्षे घागरीने पाणी घालून जगवलेले बोटभर रोपही फुटत नाही. तेव्हा झाडाची समता ही झाडाची. ती पाखरांच्या आणि रोपांच्या नावावर खर्ची टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

येथे दुसरा शंकाकार उठतो, आणि त्याची शंका पहिल्यासारखी चतुराईची नाही. ती पोटातून आलेली आहे. तो शेतकरी आहे. तो म्हणतो : “महाराज, तुमचं खरंय. पण बांधावरच्या लिंबाखाली दोन काकऱ्या पीक येत नाही. जमीन मुळात अडीच एकर. त्यात पोरीचं लग्न निघालं. वखारवाल्यानं लिंबाचे पैसे हातावर ठेवले. आता मी लिंब राखू का लेकीला उजवू?”

या माणसाला पापाची भीती घालणे म्हणजे निर्दयपणा होईल. संतांनी गरिबाला कधी असे झिडकारले नाही. झाड कधीच तोडू नये असा आपला सिद्धांतही नाही. आपण वारकरी गळ्यात माळ घालतो ती तुळशीच्या काष्ठाची. वीणा लाकडाचा, पखवाजाचे खोड लाकडाचे, पालखीही लाकडाचीच. तेव्हा घेणे आपल्याला वर्ज्य नाही. मग मर्यादा कोठे घालावी?

ती मर्यादा नाथांच्या चरित्रातल्या एका कथेत मला दिसते. आळंदीला माउलींच्या समाधीपाशी अजानवृक्ष आहे. परंपरा सांगते की माउलींनी नाथांना स्वप्नात सांगितले, अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीला गेले, समाधीत उतरले आणि मुळी दूर केली. पुढे शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे सर्वांना ठाऊक आहे. कथेत प्रत लक्षात राहते, मुळी विसरली जाते. पण विचार करा, त्रास कोणाला होत होता? साक्षात माउलींना. त्रास कशाने? झाडाच्या मुळीने. अशा वेळी एखादा भक्त संतापाने अख्खा वृक्ष तोडता, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. नाथांनी लागली तेवढी मुळी काढली आणि वृक्ष राखला. आळंदीत आजही त्या अजानवृक्षाखाली बसून भाविक ज्ञानेश्वरीचे पारायण करतात. गरज असेल तेवढे घ्यावे, वरचे राखावे, हा धडा यापेक्षा सोपा करून सांगता येणार नाही. शेतकऱ्याच्या लिंबाची सावली पिकावर पडते तर फांद्या छाटता येतात. तेवढ्याने भागत नसेल आणि लेकीचे लग्न खरोखर त्या लिंबावरच अडले असेल, तर त्याने तो विकावा. मात्र विकताना आपण विकतो आहोत ते एकट्याचे नाही, बापजाद्यांनी ठेवलेले आणि पाखरांचेही आहे, एवढे मनात असू द्यावे. आणि जे घेतले ते परत करायचे आहे, हेही.

महाराष्ट्रात झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा १९६४ सालचा आहे. परवाना मिळाला म्हणजे सरकारचे देणे फिटले. झाडाचे देणे परवान्याने फिटत नाही. मग ते फेडायचे कसे?

पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते : एकाच्या बदल्यात दोन लावू, दहा लावू. आकडा मोठा झाला की मनाला समाधान वाटते. राज्यानेही २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. संकल्प वाईट नव्हे. पण झाडाचे माप रोपांच्या संख्येत नसते. ते वर्षांत असते. साठ वर्षांच्या लिंबाला ढोली असते, पाच वर्षांच्या लिंबाला नसते. तसे पाच वर्षांचे बारा लिंब एकत्र केले तरी साठ वर्षांची एक ढोली होत नाही. पिंगळ्याला बेरीज करून दाखवता येत नाही. रस्ते रुंद झाले तेव्हा कडेचे जुने वड, चिंचा, लिंब गेले आणि दुभाजकात कण्हेरी, बोगनवेल आली. हिरवे पुष्कळ दिसते, पण दुपारी बाराला दिंडी थांबली तर त्याखाली एक तरी विणेकरी टेकेल का? जे वर्षांनी वाढते ते वर्षांनीच फेडावे लागते. म्हणजे लावणाऱ्याने आपल्या आयुष्यातली काही वर्षे त्याला द्यावी लागतात.

आणि बीड जिल्ह्यात खरी अडचण येथेच आहे. रोप लावायला आषाढात सगळे गाव हजर असते. फोटोला माणसे कमी पडत नाहीत. पण दसरा झाला की लाखो हात ऊसतोडीला जातात. कोयते घेऊन, लेकरे घेऊन, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. गावात उरतात म्हातारी माणसे. फाल्गुन-चैत्रात रोपाला पाण्याची खरी गरज, आणि नेमके तेव्हाच पाणी घालणारे हात परमुलखात असतात. उरलेल्या म्हाताऱ्याला प्यायचे पाणीच लांबून आणावे लागते. त्याने घागरीतले तांब्याभर पाणी रोपाला घातले, तर तो आपल्या तहानेतले पाणी देत असतो. त्या तांब्याची बरोबरी कोणत्या अभिषेकाशी करावी? रोप तीन उन्हाळे जगले की मुळे खोल जातात आणि पुढे ते पुष्कळसे आपल्या पायावर उभे राहते. म्हणजे ऋण फेडण्याची खरी मुदत तीन उन्हाळे. लावणे हा तर नुसता नारळ फोडणे झाला.

आपल्या संतमंडळीत सावता महाराज माळी होते. अरणचा मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत. पांडुरंगच मळ्यात आला, अशी भाविकांची श्रद्धा आहे. आजही सर्व संतांच्या पालख्या पंढरीला जातात आणि पांडुरंगाची पालखी अरणला येते, ही परंपरा आहे. याचा अर्थ वारी चुकवायला मळ्याचे निमित्त सांगावे, असा कोणी करू नये. अर्थ एवढाच की वाफ्याला पाणी देणे हे देवाच्या कामातून वेगळे काढता येत नाही. सावतोबांनी पेरून सोडून दिले असते, तर पांडुरंग कोणत्या मळ्यात आला असता?

म्हणून दिंडीचालकांना आणि फडकऱ्यांना एक विनंती. दरवर्षी आपण त्याच वाटेने जातो, त्याच गावी विसावा घेतो. त्या गावाकडून पाणी घेतो, भाकरी घेतो, सावली घेतो. प्रत्येक दिंडीने आपल्या विसाव्याच्या एका गावी पाचच झाडे आपली मानावी. वड, पिंपळ, लिंब, चिंच, उंबर, जे त्या मातीत टिकेल ते. पाचांहून अधिक नको, कारण पन्नास लावली की एकही आपले राहत नाही. गावात उरणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याला, किंवा तेथल्या शाळेला, दिंडीच्या फंडातून पाण्याची आणि काट्याकुट्याच्या कुंपणाची सोय लावून द्यावी. पुढच्या आषाढात त्या मुक्कामी पोचल्यावर आधी झाडे पाहावी, मग पंगत मांडावी. एखादे वाळले असेल तर त्याच खड्ड्यात पुन्हा लावावे. तीन वाऱ्यांत हे काम पुरे होते. ज्याची सावली घेण्याचे भाग्य त्या लावणाऱ्याला मिळणार नाही, असे झाड लावणे ही निष्काम कर्माची अगदी सोपी शिकवण आहे. त्यासाठी मोठा ग्रंथ उघडावा लागत नाही.

एक शंका मात्र शेवटी उरते, आणि ती टाळता येणार नाही. जो देणे मानतच नाही त्याचे काय करावे? ज्याने जाणूनबुजून रानाला काडी लावली, ज्याने रातोरात चिंच पाडून वखारीत नेली, त्याच्याविषयी वारकऱ्याने मनात काय धरावे? येथे माउलींच्या दृष्टांताकडे पुन्हा वळावे लागते. आतापर्यंत आपण पाहिले की झाडाची समता ही तोडणाऱ्याची सुटका नव्हे. पण ती राखणाऱ्यासाठी मात्र उपदेश आहेच. रान राखणारा माणूस फार लवकर रागीट होतो. स्वतः वाढवलेले जळताना पाहिले की जाळणाऱ्याचे तोंड पाहू नये असे त्याला वाटते, आणि ते साहजिक आहे. तरी त्याने ध्यानात ठेवावे की उद्या ते झाड वाढले तर त्या माणसाची लेकरेही त्याच्याखालीच खेळणार आहेत, आणि झाड त्यांना हाकलणार नाही. जे झाड कोणाला हाकलत नाही, त्याचे राखणदार होऊन आपण कोणाला हाकलावे? कृत्याचा जाब जरूर विचारावा, पंचायतीत विचारावा, कायद्याने विचारावा. जाळपट्टे काढावे, रात्री जागावे. पण माणसाला वाळीत टाकू नये. जमले तर त्याच्याच हातात घागर द्यावी. एकदा ज्याने चैत्रातल्या उन्हात डोंगरावर पाणी वाहिले, तो पुन्हा गवताला काडी लावताना दहादा विचार करील.

तात्पर्य असे. समता ही माणसाशी वागण्याची रीत आहे, ऋण ही आपल्या कर्माची नोंद आहे. दोहोंची गल्लत करू नये. झाड तोडणाऱ्याला सावली देते, म्हणून आपण तोडणाऱ्याचा द्वेष करू नये. आणि झाड कधी हिशेब मागत नाही, म्हणून तो हिशेब आपण आपल्याच वहीत ठेवावा. घेतलेली सावली तिथे मांडावी, छाटलेली फांदी मांडावी, आणि समोरच्या पानावर घातलेले पाणी मांडावे. दोन्ही बाजू कधी जुळतील असे वाटत नाही. आईच्या बाबतीत तरी कोणाच्या जुळल्या आहेत? तरी वही उघडी ठेवावी, एवढेच.

या वर्षी आषाढीला जाताना बीडकडून गेलात, तर पालवणच्या डोंगराकडे एकदा दृष्टी टाकावी. जमल्यास वर जाऊन एखाद्या रोपाच्या आळ्यात तांब्याभर पाणी ओतावे आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. पांडुरंगाला पोचायला त्याने उशीर होणार नाही.

रामकृष्णहरि.